टोचन केलेलं मशीन डुलतं, धक्के देतं, पिन उडते: बिघाड कुठे शोधायचा

मळणी मशीन, कॉम्प्रेसर किंवा ट्रॉलीवरचा जनरेटर ट्रॅक्टरला लावला आणि शिवारातल्या रस्त्याने नेला, तोवर सगळं ठीक असतं. हमरस्त्याला लागून वेग वाढला की मशीन मागे डावं-उजवं करायला लागतं. ब्रेक दाबला की पाठीमागून ढुशी बसते. एखाद्या स्पीडब्रेकरवर पिनचं लॉक तुटून पडतं आणि ते पुढच्या चहाच्या थांब्यावर लक्षात येतं. मग टायर बदलतात, नवी पिन येते, ड्रायव्हरला बोलणी बसतात आणि पुढच्या हंगामात तीच तक्रार पुन्हा सुरू होते.

सोलापूर जिल्ह्यात हे वर्षभर चालतं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला जनरेटर येतात, त्यानंतर मंगळवेढा, मोहोळ, बार्शीकडे ज्वारी-हरभऱ्याच्या मळणीला मशिनं गावोगाव फिरतात, आषाढीला पुन्हा जनरेटर पंढरपूरला जातात. विहिरीच्या कामाचे कॉम्प्रेसर तर कायम रस्त्यावर असतात. ही ओझी साधारण एक ते तीन टनांची, बहुतेक एकाच एक्सलवरची, दोन चाकांची आणि स्वतःचा ब्रेक नसलेली. एका एक्सलच्या ओझ्याचा तोल हुकावर सांभाळला जातो. म्हणून तपासणी टायरपासून नको, हुकावर किती वजन येतं तिथपासून सुरू करा. डुलण्याच्या बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात.

डुलणं: आधी हुकावरचं वजन मोजा

दोन चाकी मशीनचं एकूण वजन २,००० किलो असेल तर त्यातलं २०० ते ३०० किलो दांडीच्या रिंगमधून ट्रॅक्टरच्या हुकावर यायला हवं. म्हणजे दहा ते पंधरा टक्के. त्याहून कमी झालं की मशीनला शेपूट हलवायची मोकळीक मिळते. एकदा मागचा भाग डावीकडे गेला की त्याला सरळ ओढणारा जोर कमी पडतो, तो उजवीकडे जरा जास्त जातो, मग डावीकडे आणखी जास्त. वेग जितका जास्त, तितकं हे झपाट्याने वाढतं.

आपल्याकडची खरी गोम अशी आहे की एका गड्याने रिंग सहज उचलली तर ते मशीन चांगलं, असं समजलं जातं. खळ्यावर हाताने फिरवायला ते सोयीचं असतं, म्हणून बनवणाराही एक्सल जवळजवळ मधोमध टाकतो. रस्त्यावर नेताना हाच दोष ठरतो. दोन टनांच्या मशीनची रिंग एका माणसाला उचलता येत असेल तर हुकावर तीस-चाळीस किलोही वजन नाही, हे उघड आहे.

मोजायला वजनकाटा पुरतो. ऊस किंवा भुसारच्या ट्रकचा काटा कुठल्याही मोठ्या रस्त्यावर सापडतो. आधी सगळं मशीन, रिंग जॅकवर टेकवून, काट्यावर घ्या. समजा २,१४० किलो भरलं. मग मशीन पुढे सरकवून फक्त चाकं काट्यावर ठेवा, रिंगखालचा जॅक काट्याच्या बाहेर जमिनीवर टेका. आता १,९०० भरलं तर फरक २४० किलो, म्हणजे साधारण अकरा टक्के. चालेल. मात्र दोन्ही वेळा रिंग जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर हवी, जेवढी ती ट्रॅक्टरला लावल्यावर असते. रिंग वर उचललेली असताना मोजलं तर वजन मागे कलतं आणि आकडा कमी येतो. शिवाय मशीन प्रवासाला निघतं त्याच अवस्थेत मोजायचं: टाकीत डिझेल, पेटीत पाने, मागे स्टेपनी, सगळं जागच्या जागी.

काटा लांब असेल तर आडतीवरचा पोती मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा वापरता येतो. तीनशे किलोचा असेल तर रिंगचा जॅक थेट त्यावर टेका. शंभर-दीडशेचा असेल तर एक भक्कम फळी घ्या. तिचं एक टोक विटेवर आणि दुसरं काट्यावर, दोन्ही टेकूंमधलं अंतर बरोबर तीन फूट. जॅक विटेच्या बाजूच्या टेकूपासून एक फुटावर ठेवा. काटा दाखवेल त्याच्या तिप्पट वजन रिंगवर आहे. हे करताना दोन्ही चाकांना पुढून-मागून पाचर हवीच.

वजन कमी भरलं तर पुढे वाळूचं पोतं टाकणं हा एका फेरीपुरता इलाज झाला. कायमचं करायचं तर मागचं वजन पुढे आणा. रिंगपासून एक्सल तीन मीटरवर असेल आणि एक्सलच्या मागे मीटरभर अंतरावर असलेली शंभर किलोंची वस्तू एक्सलच्या पुढे मीटरभर आणली, तर हुकावर सुमारे सदुसष्ट किलो वाढतात. बॅटरी, स्टेपनी, पान्यांची पेटी, सुटे पाइप, कॉम्प्रेसरचे होज, सगळं मिळून एवढं वजन सहज भरतं. डिझेलची टाकी मागे असलेल्या जनरेटरमध्ये भरलेल्या आणि रिकाम्या टाकीचा फरक विसरू नका. शंभर लिटर डिझेल म्हणजे जवळपास पंच्याऐंशी किलो, आणि ते सगळं शेपटाला.

एवढ्यानेही भागलं नाही तर एक्सल मागे सरकवावा लागतो. दोन टनांच्या, तीन मीटर दांडीच्या मशीनचा एक्सल १० सेंटीमीटर मागे घेतला की हुकावर साधारण ६५ किलो वाढतात. काम चांगल्या वेल्डिंगवाल्याचं आहे, पण मापं तुम्ही स्वतः धरा. रिंगच्या मध्यापासून डाव्या हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) मध्यापर्यंत आणि उजव्या हबच्या मध्यापर्यंत टेप लावा. दोन्ही मापांत पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहिला तर मशीन तिरकं चालेल आणि एका बाजूचे टायर खाईल.

नव्या एक्सलचंच नाही, जुन्याचंही हे माप घेऊन बघा. कमानपाट्याचा मधला बोल्ट तुटला आणि यू-बोल्ट ढिले झाले की एक्सल पाट्यावरून एका बाजूने मागे सरकतो. मागून येणाऱ्या माणसाला मशीनची चाकं ट्रॅक्टरच्या मागे सरळ न दिसता एका बाजूला बाहेर दिसत असतील तर बहुधा हेच झालेलं असतं. यू-बोल्ट नुसते आवळून एक्सल जागेवर येत नाही. मशीन उचला, एक्सल जागी बसवा, मधला बोल्ट नवा टाका आणि मगच आवळा.

वजन बरोबर आहे, तरी डुलतं

दांडीची पातळी बघा. ट्रॅक्टरला लावल्यावर मशीन सपाट किंवा पुढे किंचित झुकलेलं असावं. नाक वर असेल तर मोजलेलं वजन रस्त्यावर टिकत नाही. हूक वर-खाली करायला भोकं असतात, ती त्यासाठीच.

त्यानंतर मशीन कशाला लावलंय ते बघा. पुष्कळ ठिकाणी मळणी मशीन मागच्या लिंकेजच्या आडव्या पट्टीला लावून नेतात, कारण हायड्रॉलिकने पट्टी खाली करून रिंग पकडायला सोपं जातं. ही पट्टी दोन खालच्या लिंकांवर लोंबकळत असते. लिंकांच्या बाजूच्या साखळ्या ढिल्या असतील तर पट्टी स्वतःच चार-सहा इंच डावी-उजवी होते आणि मशीन तिच्याबरोबर. शेतातल्या शेतात ठीक. रस्त्यावर खालच्या घट्ट हुकालाच लावा.

एक्सल जॅकवर उचला, चाक वरून आणि खालून धरून हलवा. खटखट जाणवली तर बेरिंग ढिलं आहे. हबचं झाकण काढून स्प्लिट पिन काढा, चाक हाताने फिरवत नट इतका आवळा की चाक जड फिरेल, मग नट सुमारे एक चतुर्थांश फेऱ्याहून थोडा कमी सोडून जवळच्या खाचेत नवी स्प्लिट पिन घाला. जुनी पिन सरळ करून परत वापरू नये, ती वाकवताना अर्धी तुटलेली असते. ग्रीस हबमध्ये ठासून भरलं की गरम होऊन बाहेर येतं. बेरिंगच्या रोलरांमध्ये नीट दाबून भरा, हबची पोकळी अर्धी भरली तरी पुरे.

टायर सगळ्यात शेवटी, पण वगळायचे नाहीत. कॉम्प्रेसर-जनरेटर सहा-सहा महिने एका जागी उभे राहतात, नक्षी शाबूत दिसते आणि बाजूच्या भिंतीला बारीक चिरा पडलेल्या असतात. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडी तारीख असते. तिथे २३१९ लिहिलेलं असेल तर तो २०१९ सालातल्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुसरा घोळ म्हणजे मोटारीचे उतरवलेले टायर मशीनला चढवणं. दोन टनांच्या मशीनचे हुकावरचे २४० किलो वजा केले तरी एका टायरवर ८८० किलो येतात. टायर किती वजन पेलतो हे सांगणारा आकडा, म्हणजे भारांक, त्याच्या भिंतीवर असतो. भारांक ८२ असलेला मोटारीचा टायर ४७५ किलोंसाठी बनलेला असतो, १०० भारांकाचा ८०० किलोंसाठी. पंक्चरवाला भारांक विचारत नाही, तुम्हीच बघा.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हात दुपारी दाब वाढलेला दिसणारच. तो पाहून हवा काढली तर संध्याकाळी टायर कमी हवेवर चालतो, भिंती लवतात, आणखी तापतात. तापून फुटणारा टायर बहुतेक वेळा कमी हवेचाच असतो. दहा-बारा किलोमीटरवर एकदा थांबून दोन्ही हब हात जवळ नेऊन चाचपा. एक हब दुसऱ्यापेक्षा बराच गरम असेल तर पुढे जाऊ नका.

चालत्या गाडीत डुलणं सुरू झालंच तर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा आणि वेग आपोआप उतरू द्या. मागचं डुलणं स्टिअरिंगने भरून काढायला गेलात तर ते वाढतं, कारण तुमची दुरुस्ती नेहमी अर्ध्या हेलकाव्याने उशिरा पोचते. जोराचा ब्रेक मारला तर मशीन मागून ढकलतं आणि हेड, म्हणजे पुढचा ट्रॅक्टर, आडवं होतं. ओढून सरळ करू म्हणून वेग वाढवणारेही असतात. तो प्रकार रिकाम्या रस्त्यावरही करू नये.

पिन वर सरकते किंवा लॉक तुटतं

पिन आपणहून वर येत नाही. शेपटाकडे जड असलेलं मशीन खड्ड्यातून गेलं की रिंग वर उसळते आणि पिनला घासत तिला वर ढकलते. दर खड्ड्याला एक धक्का. खालचं लॉक हा धक्का सोसायला बनलेलंच नसतं. त्यामुळे लॉक वारंवार तुटत असेल तर जाड लॉक शोधण्याआधी वर सांगितलं तसं वजन मोजा.

पिनचं माप सोपं आहे. व्हर्नियर घेऊन न झिजलेल्या वरच्या भागाचा आणि झिजलेल्या मधल्या भागाचा व्यास बघा. तीस मिलिमीटरची पिन सत्ताविसावर आली की बदला. रिंगही झिजते, आणि ती गोल न राहता लांबट होते. पिन नवी टाकून रिंग जुनी ठेवली तर धक्के तसेच राहतात. रिंगवर आतून वेल्डिंगचे थर चढवून भोक लहान करणं आपल्याकडे सर्रास चालतं. ते खडबडीत राहतं, कडक होतं आणि नव्या पिनला कापतं. रिंग बदलून घेणं स्वस्त पडतं.

बांधकामाच्या सळईचा तुकडा पिन म्हणून चालवू नका. ती वाकते, आणि वाकलेली पिन मोक्याच्या वेळी बाहेर निघत नाही. बोल्ट वापरायची वेळ आली तर कडक ग्रेडचा घ्या आणि आटे रिंगच्या पकडीत येणार नाहीत एवढी साधी दांडी असलेला घ्या. आट्यांवर जोर आला की बोल्ट तिथूनच कापला जातो. पिन नेहमी वरून खाली घालायची, म्हणजे लॉक गेलं तरी ती स्वतःच्या वजनाने काही काळ टिकते. लॉकच्या जागी बाइंडिंगची तार गुंडाळणं म्हणजे लॉक नाहीच असं समजा. लिंचपिन, म्हणजे लॉकची ती छोटी पिन, स्वस्तातली वस्तू आहे, दोन जास्तीच्या खिशात ठेवा.

सेफ्टी साखळी

पिन गेली तरी मशीन ट्रॅक्टरला धरून राहावं यासाठी ही साखळी असते, पण ती दिसते फार क्वचित. दिसली तर विहिरीवरच्या मोटारीची बारीक साखळी किंवा काथ्याचा दोर असतो. दोन टनांच्या मशीनला ८ मिलिमीटरची, ८० ग्रेडची साखळी घ्या. तिची काम करायची क्षमता दोन टन असते. तीन टनांपर्यंत १० मिलिमीटरची घ्या, ती तीन टनांच्या थोडी वर जाते. ग्रेडचा शिक्का कड्यांवर असतो. शिक्का नसेल तर ती साधी साखळी आहे, दुकानदार काही म्हणो.

दोन साखळ्या लावा आणि दांडीखालून एकमेकींना ओलांडून फुलीसारख्या न्या. पिन सुटली तर दांडीचं टोक त्या झोळीत पडतं. नाहीतर दांडी थेट रस्त्यात रुतते आणि मशीन तिच्यावरून उलटतं. साखळी पूर्ण वळण घेताना ताठ होऊ नये इतकी ढिली, आणि रस्त्याला घासू नये इतकी आखूड असावी. घासली तर कड्या झिजतात, आणि काडी-भुस्सा पडलेल्या रस्त्यावर ठिणग्या उडतात. साखळीचं दुसरं टोक हुकाच्या पिनमध्येच अडकवू नका. पिन गेली की साखळीही गेली. ट्रॅक्टरच्या चासीवर तिला वेगळी जागा द्या.

पुढची चाकं हलकी होतात

चढाला स्टिअरिंग हातात हलकं लागलं तर तिथेच थांबायचं. पन्नास एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर धरा: वजन दोन टन, त्यातलं पुढच्या चाकांवर सातशे किलो. स्टिअरिंग नीट लागायला एकूण वजनाचा पाचवा हिस्सा, म्हणजे चारशे किलो तरी पुढे उरायला हवेत. हुकावर ३०० किलो आले की पुढचे शंभरेक कमी होतात. मागे तीन टनांचं मशीन घेऊन दहा मीटरला एक मीटर चढ असलेल्या वाटेवर लागलात, उजनी कालव्याच्या भरावावर चढणाऱ्या वाटा असतात तशा, तर ओढीमुळे आणखी शंभर आणि चढामुळे ऐंशी जातात. उरले ४२०. म्हणजे सपाटीला भरपूर वाटणारं माप चढाला संपत येतं. त्यात क्लच एकदम सोडला की पुढची चाकं जमीन सोडतात.

हा हिशेब हूक जमिनीपासून अर्ध्या मीटरवर धरून केला आहे. ओढायची जागा जितकी वर, तितका ट्रॅक्टर मागे उलटायचा जोर जास्त. म्हणून टॉप लिंकच्या जागेला किंवा एक्सलच्या घरावर दोर-साखळी बांधून ओढणं हा थेट जिवाशी खेळ आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पावसानंतर मशीन रुतलं की नेमकं हेच करायचा मोह होतो, कारण खालचा हूक चिखलात गेलेला असतो. ट्रॅक्टर मागे उलटायला दीड सेकंद लागतो. क्लच दाबायचं सुचेपर्यंत ते होऊन जातं. रुतलेल्या मशीनच्या चाकांपुढची माती फावड्याने उतार करून काढा, फळ्या टाका, खालच्याच हुकाला लांब साखळी लावा आणि कमी गिअरमध्ये सावकाश ओढा. ओढताना साखळीच्या लांबीइतक्या अंतरात कोणी उभं राहू नये.

पुढे वजनाच्या प्लेटा टाकणं हा योग्य इलाज आहे. पुढच्या बंपरवर दोन माणसं बसवणं हा इलाज नव्हे, आणि ते कोण करतं हे सांगायला नको.

ब्रेकला ढुशी आणि उतार

ब्रेक नसलेलं मशीन थांबवायचं सगळं काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर पडतं. मागचं ओझं ट्रॅक्टरच्या वजनाहून जड असेल तर वेग वीसच्या आत ठेवा. वीसवरून तीसवर गेलात तर थांबवायची ताकद दीडपट नाही, सव्वादोनपट लागते.

ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पायडलं असतात, डाव्या आणि उजव्या चाकाची वेगळी. शेतात वळायला ती मोकळी ठेवतात. रस्त्याला लागायच्या आधी मधला खटका लावून दोन्ही एकत्र करा. हे विसरून एकाच पायडलवर पाय पडला तर ट्रॅक्टर त्या बाजूला वळतो आणि मागचं ओझं उरलेलं काम करतं. ट्रॅक्टर बाजूला उलटण्याच्या घटनांत हा खटका मोकळा सापडू शकतो, एवढं सांगून पुढे जाऊ.

उताराला गिअर उतार सुरू व्हायच्या आधी बदला. ज्या गिअरमध्ये तुम्ही तो उतार चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. तुळजापूरच्या घाटासारख्या ठिकाणी डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे आहेत. इंजिनाची पकड सुटली की वेग वाढतो, मग गिअर पडत नाही, आणि ब्रेक तापून पकड सोडतो. वळणावर ब्रेक नको, वळणाआधी वेग उतरवा. वळलेल्या हेडला मागून ढुशी बसली की ते सरळ कधीच जात नाही.

काही कॉम्प्रेसरना ओव्हररन ब्रेक असतो. मशीन पुढे ढकलायला लागलं की दांडीतला सरकता भाग आत जातो आणि ब्रेक लागतो. तो गंजून अडकलेला असतो किंवा तारेने बांधून बंद केलेला असतो. मागे घेताना चाकं अडतात, म्हणून तो बांधतात. रिव्हर्सला खटका लावायची सोय त्यावरच दिलेली असते, ती वापरा आणि सरकत्या भागाला ग्रीस द्या. त्याच्याबरोबर आलेली बारीक वायर ट्रॅक्टरला अडकवायची असते. मशीन सुटलं तर ती ओढली जाऊन ब्रेक लागतो.

पिकअपने ओढायचं असेल तर

लहान जनरेटर पिकअपला लावून नेतात. हूक बंपरच्या पत्र्याला बोल्ट केलेला असेल तर तिथेच नको म्हणा. तो चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांना धरलेला हवा. गाडीत आधीच माल भरलेला असताना हुकावर वजन आलं की मागचे पाटे बसतात, पुढचे दिवे आकाशाकडे जातात आणि स्टिअरिंग हलकं होतं. पिकअपला वेग असतो, म्हणून डुलण्याचा धोका ट्रॅक्टरपेक्षा इथे जास्त. चाळीसच्या वर जाऊ नका.

निघायच्या आधी

पीटीओचा जॉइंट (ट्रॅक्टरच्या मागून मशीन फिरवणारा दांडा) काढून ठेवा, नुसता उचलून बांधू नका. जॅकचा पाय पूर्ण वर करून पिन घाला. धक्क्याने हा पाय खाली येऊन रस्त्यात रुतला की दांडी वाकते. मळणी मशीनचं तोंड आणि भुस्सा फेकायचं नळकांडं घडी करून बांधा, मग जमिनीपासून सगळ्यात उंच टोकापर्यंत टेप लावून आकडा मशीनवर खडूने लिहून ठेवा. गावातल्या विजेच्या तारा उन्हाळ्यात लोंबतात. वाटेत खाली आलेली तार दिसली तर काठीने उचलून मशीन काढायचा प्रकार करू नये. लाइनमनला बोलवा किंवा वाट बदला.

मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी चमकणारी पट्टी लावा. ती धुळीने माखलेली असेल तर नसल्यासारखीच, म्हणून निघताना ओल्या फडक्याने पुसा. पुणे-हैदराबाद महामार्गावर ऐंशी-शंभराने येणाऱ्या मोटारीला वीसने जाणारं काळं मशीन रात्री शेवटच्या क्षणी दिसतं. मागचे दिवे लागत नसतील तर आधी अर्थिंग तपासा. हुकातून अर्थिंग मिळेल यावर भरवसा ठेवला की ग्रीस आणि गंजामुळे दिवे लुकलुकतात. सॉकेटमधून वेगळी अर्थिंगची वायर ओढा. दिवे तरीही जमत नसतील तर सूर्य मावळायच्या आत पोचायचं ठरवा.

जोडताना आणि सोडताना

बोटं आणि पाय चिरडतात ते रस्त्यावर नाही, इथे. ट्रॅक्टर मागे घेत असताना मदतनीस हूक आणि रिंग यांच्यामध्ये उभा राहून हाताने रिंग धरतो, ही पद्धत बंद करा. मदतनीस बाजूला, ड्रायव्हरला दिसेल तिथे उभा राहील. रिंग जॅकवर बरोबर उंचीला आणून ठेवा. ट्रॅक्टर हूक रिंगच्या समोर येईपर्यंत मागे घ्या. थांबा, न्यूट्रल करा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा. मगच मदतनीस आत जाईल. दोन-तीन इंच कमी-जास्त असेल तर टॉमी (लोखंडी दांडा) घालून रिंग सरकवा. भोकं जुळली का हे बोट घालून बघू नका.

पिन बसली, लॉक लागलं, साखळ्या अडकल्या की जॅक वर करा, आणि सगळ्यात शेवटी चाकांच्या पाचरी काढा. मग पहिल्या गिअरमध्ये पाच-सहा मीटर पुढे जाऊन थांबा आणि पिन-लॉक पुन्हा एकदा डोळ्यांनी बघा.

सोडताना हाच क्रम उलटा: आधी पाचरी, मग जॅक, मग साखळी, शेवटी पिन. जॅकने हुकावरचं वजन उचललं की नाही हे पिन हाताने सैल फिरते का यावरून कळतं. फिरत नसेल तर हातोड्याने पिन काढू नका, जॅक अर्धा इंच वर-खाली करा. शेपटाकडे जड असलेल्या मशीनमध्ये पिन निघताच दांडी झटक्याने वर येते, आणि वाकून बघणाऱ्याची हनुवटी नेमकी तिच्यावर असते. अशा मशीनला मागच्या बाजूलाही टेकू लावल्याशिवाय पिन काढायची नाही.

रस्त्याच्या कडेला थांबून चाकांना दगड लावले असतील तर निघताना ते उचलून बाजूला टाका. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला अंधारात तो दगड दिसत नाही.

मशीन रानात सोडून द्यायचं असेल तर जॅकच्या पायाखाली किमान फूटभर लांब-रुंद, दोन इंच जाडीची फळी टाका. काळ्या मातीत रात्रीत पाऊस झाला तर उघडा पाय सकाळपर्यंत मातीत गेलेला असतो, रिंग जमिनीला टेकलेली असते, आणि ती उचलायला दुसरा जॅक शोधत बसावं लागतं.